फावल्या वेळाची मोजदाद

वेळेच्या वापराचा अभ्यास करणाऱ्यांचा दिवस पहाटे चारला सुरू होतो आणि दुसऱ्या पहाटे चारला संपतो. त्या सुमारास बहुतेक माणसे गाढ झोपेत असतात, त्यामुळे हाती घेतलेले काम मधेच तुटत नाही. अमेरिकेत २००३पासून दरवर्षी होणारी पाहणी घ्या किंवा आपल्याकडची २०१९ची पहिली देशव्यापी पाहणी घ्या, हिशेब याच चोवीस तासांचा. या विषयात नव्याने येणाऱ्यापुढे सिद्धांत मांडण्याआधी दिवसाची अशी एखादी नोंद ठेवावी, असे मला वाटते.

आपल्या पाहणीत दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे भाग पाडतात. रात्री आठचा भाग पाहू. पंचेचाळिशी ओलांडलेली एक बाई मालिका बघते आहे. मांडीवर परात, हाताने मेथी निवडणे चालू, आणि एक कान आतल्या खोलीत खोकणाऱ्या सासूबाईंकडे. एका वेळी एकाहून जास्त कामे लिहायची सोय आहे, पण त्यातले मुख्य कोणते हे ठरवावेच लागते. मालिका मुख्य धरली तर अर्धा तास करमणुकीत जमा, मेथी धरली तर स्वयंपाकात. तो कान मात्र कुठल्या रकान्यात घालायचा?

मध्यमवयातला फावला वेळ बहुधा असाच दुसऱ्या कशाला तरी चिकटून येतो. मुलांची शिक्षणे, आईवडिलांची आजारपणे आणि नोकरीतली वाढती जबाबदारी एकाच दशकात अंगावर येतात. म्हणून दिवसाची बेरीज किती झाली यापेक्षा सलग वेळ किती मिळाला आणि तो मोकळा कशामुळे झाला, हे विचारणे मला अधिक मोलाचे वाटते.

बेरजेला कमी लेखायचे नाही. १९६०च्या दशकाच्या मध्यावर, शीतयुद्ध भरात असताना, हंगेरीचे समाजशास्त्रज्ञ अलेक्झांडर सालाय यांनी बारा देशांतल्या संशोधकांना एकाच पद्धतीने नोंदी घ्यायला लावल्या. अमेरिकेतले जॅक्सन आणि सोव्हिएत संघातले प्स्कोव्ह एका तक्त्यात आले. १९७२मध्ये त्यावरचा जाडजूड ग्रंथ निघाला. भांडवलशाही असो वा समाजवाद, नोकरदार बाईला नोकरदार पुरुषापेक्षा मोकळा वेळ कमीच, हे त्यातून आकड्यांनिशी समोर आले. घराघरांत ते आधीपासून ठाऊक होतेच, म्हणा.

फिनलंडमध्ये रकान्याचा पेच वेगळा. जेमतेम ५६ लाख वस्तीच्या या देशात सुमारे पाच लाख उन्हाळी घरे आहेत. जुलैच्या सुट्टीत पन्नाशीचा गृहस्थ तिथे लाकडे फोडतो, सौना तापवतो, धक्क्याच्या फळ्या बदलतो. हीच कामे शहरातल्या घरी केली तर आपण त्यांना घरकाम म्हणू. तळ्याकाठी तो त्यांनाच सुट्टी म्हणतो, आणि त्याचे खरे मानावे.

कोरियात २००४पासून टप्प्याटप्प्याने पाच दिवसांचा आठवडा आला आणि शनिवार मोकळा झाला. सोलच्या कडेचा बुखानसान डोंगर भुयारी रेल्वेने गाठता येतो. भडक रंगांचे कपडे घातलेले चाळिशी-पन्नाशीचे लोक तिथे चढतात, उतरल्यावर तांदळाची मकगली पितात. डोंगराची ओढ जुनीच, पण ती पुरवायला शनिवार कायद्याने मिळाला.

चीनमधल्या चौकातल्या नाचाकडे मी पुन्हा पुन्हा वळते. संध्याकाळी कर्णा लागतो, रांगा धरल्या जातात आणि बायका तासभर एका ठेक्यात नाचतात. वरच्या मजल्यावरचे लोक आवाजाने वैतागतात. ही भांडणे इतकी वाढली की २०१५मध्ये सरकारी खात्यांनी बारा प्रमाणित नाच जाहीर केले. समूहात वाढलेल्या पिढीची ही सवय, असे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. ते खोटे नाही, पण मला अपुरे वाटते. कारखान्यातल्या कामगार बाईला तिथे पन्नासाव्या वर्षीच निवृत्ती मिळे. हातपाय धड, दिवसा नातवंड सांभाळायचे, संध्याकाळ रिकामी आणि इमारतीखाली फरसबंद चौक, असा तो योग होता. १ जानेवारी २०२५पासून हे वय पंधरा वर्षांत हळूहळू पंचावन्नवर न्यायला सुरुवात झाली आहे. त्या रांगांमधली पन्नाशीची बाई आता कामावर असेल. मग नाच उशिरा सुरू होईल, की रांगाच म्हाताऱ्या होतील, आणि नातवंडे कोण सांभाळेल, हे पाहायला नव्या अभ्यासकांपुढे पंधरा वर्षे आहेत.