अंमल आणि औषध : वाशीमच्या संदर्भात अफू-नियमनाचा विचार

मराठीत ‘अंमल’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. ‘निजामाचा अंमल’, ‘अंमलदार’ या प्रयोगांत तो सत्तेचा वाचक ठरतो, तर ‘अंमल चढणे’, ‘अमली पदार्थ’ यांत कैफाचा. दोहोंचे मूळ कार्यवाचक अरबी ‘अमल’ हेच होय. ‘अफू’ हा शब्दही असाच प्रवासी आहे. रसवाचक ग्रीक ‘ओपिऑन’पासून अरबी ‘अफ्यून’ झाले, आणि संस्कृतात त्याला ‘अहिफेन’, म्हणजे सापाचा फेस, असे रूप मिळाले. सत्तेचा अंमल कैफाच्या अंमलावर कोणत्या हेतूने चालला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात आले. तथापि त्यावरील सार्वभौमत्व निजामाचेच राहिल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे आपोआप लागू होत नसत. ते स्वतंत्र आदेशांनी लागू करावे लागत. वाशीम त्या काळी स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्यास जोडण्यात आले. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८ च्या अफू अधिनियमाने परवान्यावाचून लागवड, बाळगणे, वाहतूक व विक्री या सर्वांस बंदी घातली होती. या बंदीमागे आरोग्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, महसुलाचा विचार होता. माळव्याची अफू मुंबईहून चीनकडे जात असे, आणि मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत तान्ह्या मुलांना अफूच्या ‘बाळागोळ्या’ दिल्या जात.

पुढे आंतरराष्ट्रीय करारांचा दबाव वाढला. १९३० च्या घातक औषधी अधिनियमाने मॉर्फिनसारखी द्रव्ये नियंत्रणाखाली आणली. स्वातंत्र्योत्तर काळात, १९४९ च्या परिषदेतील निर्णयानुसार, औषधेतर कारणासाठी अफू खाणे दहा वर्षांत संपविण्याचे ठरले व १९५९ मध्ये ते अमलात आले. नोंदणीकृत व्यसनी तेवढे अपवाद राहिले.

१९८५ च्या अमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाने दहा वर्षांच्या किमान कारावासाची तरतूद केली. रुग्णालयास मॉर्फिन ठेवायचे तर निरनिराळ्या खात्यांचे अनेक परवाने मिळवावे लागत. परिणामी डॉक्टर व औषधविक्रेते या औषधापासून दूर राहू लागले. ज्या देशात नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत अफूवर प्रक्रिया होते, त्याच देशातील कर्करोगाचा रुग्ण वेदनेने तळमळत राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच तीव्र कर्कवेदनेवर मॉर्फिनची शिफारस केली होती.

भीती मात्र निराधार नव्हती. ही औषधे श्वसन मंदावतात. अतिमात्रेने मृत्यू ओढवतो. आणि दीर्घ वापराने तोच परिणाम साधण्यास अधिक मात्रा लागते. कृत्रिम औषधांमुळे हा प्रश्न अधिक जटिल झाला. २०१४ पासून ट्रॅमाडॉल, कोडीन इत्यादींचा समावेश ‘एच-१’ अनुसूचीत झाला. त्यामुळे वेष्टनावर लाल चौकटीतील इशारा आणि विक्रेत्याकडे रुग्ण, डॉक्टर व विकलेले प्रमाण यांची तीन वर्षे जपावयाची नोंद आवश्यक ठरली. २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल १९८५ च्या अधिनियमाखालीही आले. तरी टॅपेंटाडॉल व कॅरिसोप्रोडॉल यांच्या, भारतात मान्यता नसलेल्या मिश्रणाच्या गोळ्या पालघर जिल्ह्यातील एका कारखान्यातून पश्चिम आफ्रिकेत जात असल्याचे २०२५ मध्ये उघडकीस आले व या मिश्रणाच्या निर्यातीची परवानगी मागे घेण्यात आली.

२०१४ च्या दुरुस्तीचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. तिने ‘अत्यावश्यक अमली औषध’ ही संज्ञा प्रथमच कायद्यात आणली. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथॅडोन यांसह सहा औषधे तीत आली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी परवान्यांचे जाळे सुटले. ‘अत्यावश्यक’ आणि ‘अमली’ ही विशेषणे एकत्र नांदू शकतात, हे कायद्याने मान्य केले. परंतु संज्ञेने वेदना शमत नाही. २०२४ मध्ये वाशीम येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे शिकणाऱ्या डॉक्टरास मॉर्फिन निर्भयपणे व नेमक्या मात्रेत लिहिता येणे, आणि विक्रेत्यास चिठ्ठीवाचून आलेल्या गिऱ्हाईकास नकार देता येणे, या दोन्ही गोष्टी साधल्या तरच हे नियमन सफल म्हणता येईल.