केवल मूल्य फलन, संगणकीय
संख्येचे चिन्ह वगळून उरणारे परिमाण म्हणजे तिचे केवल मूल्य होय. उदा., लोहमार्गावर गोंदिया स्थानक शून्य मानून पूर्वेकडील आमगाव धन व पश्चिमेकडील तिरोडा ऋण अंतरावर दाखविल्यास वजाबाकीत प्रवासाची दिशाही चिन्हरूपाने येते. भाडे आकारण्यासाठी मात्र केवळ अंतर लागते.

या मूल्यासाठी दोन उभ्या रेषांचे चिन्ह जर्मन गणितज्ञ कार्ल व्हायरश्ट्रास यांनी १८४१ मध्ये वापरले. १९५७ मध्ये प्रचारात आलेल्या फोर्ट्रान भाषेत ते ‘एबीएसएफ’ या फलनाने मिळे. अल्गॉल ६० व नंतरच्या बहुतेक भाषांत ‘एबीएस’ हे नाव रूढ झाले.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक बसविण्यात आला. त्यात ऋण संख्या ‘एक-पूरक’ पद्धतीने, म्हणजे धन संख्येतील प्रत्येक बिट उलटवून, मांडीत. त्यामुळे प्रत्येक ऋण संख्येस धन प्रतिरूप असे. परंतु शून्याची रूपे दोन होत. पुढे सार्वत्रिक झालेल्या ‘दोन-पूरक’ पद्धतीत शून्य एकच राहिले, तथापि सर्वांत लहान ऋण संख्येचे धन प्रतिरूप नाहीसे झाले : १६ बिटांत −३२,७६८ मावते, +३२,७६८ मावत नाही. अशा संख्येचे केवल मूल्य काढताना सी भाषेत उत्तराची शाश्वती नसते. जावा भाषेत ३२ बिटांची अशी संख्या ऋणच परत येते. पायथॉनमध्ये पूर्णांकांस ठराविक बिटांची मर्यादा नसल्याने ही अडचण उद्‌भवत नाही. अन्यत्र मात्र उत्तर धन गृहीत धरण्यापूर्वी संख्येची मर्यादा तपासणे आवश्यक ठरते.