हवेचें वंगण

बैलगाडीखालीं टांगलेलें वंगणाचें नळकांडें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना आजच्या विषयाचा निम्मा भाग आधींच ठाऊक आहे. चाक सुखानें फिरावयाचें तर चाक आणि आंस यांच्यामध्यें कांहींतरी निसरडें असावें लागतें. तें सुकलें कीं गाडी कुरकुरूं लागते, आणि हट्टानें तशीच हांकली तर आंस झिजून जातो. फिरता दंड ज्या भागावर टेकलेला असतो त्यास शास्त्रीय ग्रंथांत धारवा म्हणतात. कारखान्यांतील कारागीर त्यालाच बेअरिंग म्हणतात. या धारव्याचा इतिहास म्हणजे पुष्कळ अंशीं वंगणाचाच इतिहास होय.

प्रारंभीं एक गोष्ट कबूल करतों. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. घर्षणाचा पाठ चालला असतां एका मुलानें विचारलें, "गुरुजी, तेलाऐवजीं नुसती हवा असली तर चाक फिरणार नाहीं का?" वर्ग हंसला, मीहि हंसलों. "हवा कधीं वजन उचलते काय? बैस खालीं," असें म्हणून मीं त्याला गप्प केलें. त्या वर्षांत तो मुलगा पुन्हां प्रश्न विचारावयास उभा राहिला नाहीं. निवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली, तेव्हां कळलें कीं त्याचा प्रश्न योग्य होता आणि माझें उत्तर चुकीचें होतें.

वंगण नेमकें काय करतें, हेंच मुळीं फार दिवस कोणास नीट उमगलें नव्हतें. १८८३ सालीं बीचम टॉवर या इंग्रज अभियंत्यानें लंडनच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेसाठीं आगगाडीच्या आंसाच्या घर्षणाचे प्रयोग केले. आंसाचा खालचा भाग तेलांत बुडता ठेवून वरून पितळी अर्धा धारवा बसविलेला होता. धारव्याच्या माथ्यावर तेल घालण्यासाठीं भोंक पाडलें, तों त्यांतून तेल उलट वर येऊं लागलें! बूच मारलें, तें बाहेर पडलें. लांकडी खुंटी ठोकली, तीहि वर सरकली. अखेर दर चौरस इंचास २०० पौंडांपर्यंत मोजणारा दाबमापक बसविला, तर कांटा त्याच्याहि पलीकडे गेला. धारव्यावरील सरासरी भार मात्र चौरस इंचास अवघा १०० पौंड होता. याचा अर्थ इतकाच कीं, फिरणारा आंस स्वतःच तेल ओढून घेत होता आणि त्या तेलाच्या दाबावर तरंगत होता. धातूला धातूचा स्पर्शच होत नव्हता. १८८६ सालीं मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स या प्राध्यापकानें त्याचें गणित मांडलें. निमुळत्या होत जाणाऱ्या फटींत चिकट प्रवाही पदार्थ ओढला गेला म्हणजे तेथें दाब उत्पन्न होतो, हें त्याचें सार.

आतां चिकटपणा हा कांहीं तेलाचाच गुण नव्हे. थोडाफार तो हवेंतहि आहे. आल्सेस प्रांतांतील गुस्ताव्ह आडोल्फ हिर्न यानें १८५४ सालींच हवेचें वंगण सुचविलें होतें. त्याचा प्रत्यक्ष पुरावा अमेरिकेंतील आल्बर्ट किंग्सबरी यानें दिला. सहा इंच व्यासाचा, सुमारें ५० पौंड वजनाचा पोलादी दट्ट्या अगदीं बेताच्या नळींत उभा ठेवून त्यानें हातानें फिरविला, तों तो बराच वेळ विनासायास फिरत राहिला. आडवा ठेवून वेगानें फिरविला तरीहि तो हवेवरच तरंगत असे. भोंवतालच्या हवेचा दाब मोजून किंग्सबरीनें आपला निबंध १८९७ सालीं प्रसिद्ध केला. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर असें त्याच्या जन्मापूर्वींच छापलेलें होतें.

मग ही युक्ति घरोघरच्या यंत्रांत कां शिरली नाहीं? कारण हवेचा चिकटपणा पाण्याच्याहि सुमारें पन्नासाव्या हिश्श्याइतकाच असतो. तिच्याकडून भार उचलून घ्यावयाचा तर दंड अतिशय वेगानें फिरला पाहिजे आणि फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनहि लहान हवी. अशा फटींत धुळीचा कण शिरला, उष्णतेनें दंड फुगला किंवा किंचित् तिरपा झाला, कीं धातु धातूला घांसून सर्व नाश होतो.

यांतून वाट निघाली ती ताठपणा सोडल्यानें. १९५३ सालीं हॉलंडांतील ब्लॉक आणि फान रॉसुम यांनीं पातळ, लवचिक पत्र्याच्या धारव्याची कल्पना मांडली. पुढें तिला जें रूप आलें तें असें: बाहेर भक्कम कवच, त्याच्या आंत बारीक लाटा पाडलेला स्प्रिंगसारखा पत्रा, आणि त्यावर एका कडेनें जखडलेला, दुसरी कड मोकळी असलेला गुळगुळीत पत्रा. दंड वेगानें फिरूं लागला कीं हवेचा दाब या पत्र्यास मागें रेटतो आणि आपल्याला हवी तेवढी फट आपणच करून घेतो. दंड फुगला तर पत्रा नमतो, आणि कंप सुटला तर लाटांच्या घांसण्यानें तो शमतो. शिवाय तापल्यावर तेल पातळ होतें, हवेचा चिकटपणा मात्र वाढतो.

ही रचना आंखतांना पहिला विचार वेगाचा. २००० सालीं अमेरिकेच्या नासा संस्थेंतील संशोधकांनीं एक सोपा आडाखा दिला: भार उचलण्याची शक्ति धारव्याच्या लांबी-व्यासाच्या गुणाकाराच्या आणि दंडाच्या पृष्ठवेगाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे फेरे तेच ठेवून लांबी आणि व्यास दोन्ही दुप्पट केले, तर शक्ति आठपट होते. दुसरा विचार सुरू होण्याच्या आणि थांबण्याच्या क्षणांचा. त्या वेळीं हवेचा थर नसतो; म्हणून पत्र्यावर किंवा दंडावर झीज सोसणारा लेप द्यावा लागतो. तिसरा उष्णतेचा, ती वाहून नेण्यास तेल नसल्यामुळें पत्र्यामागून थंड हवा खेळवावी लागते.

१९७० च्या सुमारास डीसी-१० विमानांतील प्रवाशांसाठीं हवा थंड करणाऱ्या यंत्रांत असे धारवे बसले. त्यांत तेलच नसल्यामुळें प्रवाशांच्या श्वासांत तें मिसळण्याची भीति उरली नाहीं. १९९८ सालीं बाजारांत आलेलें कॅपस्टोन कंपनीचें तीस किलोवॅटचें वीजयंत्र तर हवेच्याच आधारावर मिनिटास ९६,००० फेरे घेतें. बैलगाडीस मात्र तेलाचेंच वंगण हवें; तिचा वेग हवेस पुरेसा नाहीं.

त्या दिवशीं वर्गांत मीं एवढेंच म्हणावयास हवें होतें: "मला ठाऊक नाहीं, आपण शोधूं या." टॉवरच्या खुंटीप्रमाणें तो प्रश्न आपणहून वर आला होता, मीं मात्र तो पुन्हां खालीं ठोकला. तो विद्यार्थी आतां प्रौढ झाला असेल. हें भाषण त्याच्या कानीं पडलें, तर त्यानें आपल्या जुन्या मास्तरास क्षमा करावी, आणि आपल्या मुलांच्या प्रश्नांना हंसूं नये.