फाटलेली पुंगळी काय सांगते?

मंडळी, मागच्या वेळी आपण १७३९ च्या वसईच्या वेढ्यापाशी थांबलो होतो. आज त्याच दारूचा धागा पुढे नेऊ, पण तोफेऐवजी एका छोट्या बंदुकीकडे. पॉइंट टू-टूची जुनी रायफल. एनसीसीत गेलेल्या बऱ्याच जणांनी पहिली गोळी हिच्यातूनच झाडलेली असते. प्रश्न असा, की हिच्यातून निघालेली पुंगळी कधी कधी फाटलेली का असते?

चिमाजी आप्पांच्या फौजेतली बंदूक तोंडाने भरायची. नळीची मागची बाजू बंदच. दारू पेटली की धूर आणि जाळ पुढेच जाणार, फार तर कानातून थोडी ठिणगी उडेल. मागून भरायची बंदूक आली आणि हे बदललं. मागचं दार उघडतं, म्हणजे ते गच्च बंदही व्हायला हवं. ते काम बोल्ट एकटा करत नाही. पितळेची पातळ पुंगळी दाबाने फुगते, चेंबरला चिकटते आणि वायू अडवते. म्हणजे ती नुसतं वेष्टन नाही, बूच आहे. बूच फाटलं की वायू मागे येतो, नेम धरणाऱ्याच्या डोळ्याकडे. म्हणून चष्मा.

१८५७ साली आपल्याकडे काडतूस दाताने तोडण्यावरून केवढं रण माजलं, हे सांगायला नको. गंमत बघा, त्याच वर्षी अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने पॉइंट टू-टूचं धातूचं रिमफायर काडतूस बाजारात आणलं. तोडायचं काही नाही, चरबी चाटायची नाही! त्याआधी १८४५ च्या सुमारास फ्रान्समध्ये फ्लोबेरने या जातीची सुरुवात केली होती. यात पेटणारा मसाला बुडाच्या दुमडलेल्या कडेत भरलेला असतो. पिनेने ती कड चेपली की ठिणगी. आता कड चेपली जायची तर पितळ पातळच हवं, आणि पातळ पितळ जास्त दाब सोसत नाही. रिमफायरचं दुखणं जन्मापासूनचं आहे, ते इथे.

मोठ्या रायफलीही यातून गेल्या. मार्टिनी-हेन्रीची पुंगळी पितळेचा पत्रा गुंडाळून केलेली असे. १८८५ च्या सुदान मोहिमेत तापलेल्या, वाळू गेलेल्या रायफलीत ती अडकायची आणि ओढताना फाटायची. मग अखंड ओढीव पुंगळी आली.

आणि तरीही हिंदुस्थानात एक कोडं उरलं. न झाडलेली, पेटीतली काडतुसं पावसाळ्यानंतर तडकलेली निघत. बंदुकीला दोष देता येईना, शिपायालाही नाही. उत्तर १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी मांडलं. पावसाळाभर ही काडतुसं घोड्यांच्या पागेत ठेवलेली असत. मुतातला अमोनिया, हवेतला ओलावा आणि ओढताना पितळात साठून राहिलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ तडकतं. याला सीझन क्रॅकिंग म्हणतात. पितळ बेताने तापवून ताण काढला की ही खोड बरीच जाते. आम्हाला ही गोष्ट फार आवडते, कारण एवढ्या मोठ्या सैन्याच्या दारूगोळ्याचा घात शेवटी तबेल्याने केला!

आता आपली रायफल. वसई-विरारची हवा तुम्ही जाणताच, देवघरातलं पितळ घासलं की आठवड्यात काळवंडतं. तेव्हा जुन्या डब्यातल्या काडतुसांवर आधी संशय घ्यावा. पुंगळी फाटली की थांबायचं, रायफल रिकामी करायची आणि नळीत काही अडकलंय का ते पाहायचं. मग फाटलेली पुंगळी टाकून न देता नीट बघायची. अंगावर उभी चीर असेल तर पितळ जुनं झालेलं असू शकतं, किंवा चेंबर झिजून सैल झालेलं. कड फुटली असेल तर बोल्ट आणि नळी यांच्यातली फट वाढली असेल. बुडाशी एकाच बाजूला फुगवटा असेल तर तिथे पुंगळीला आधार मिळत नाहीये.

यातली खरी मेख अशी. काडतूस भरताना त्याची वरची बाजू शाईने खुणावून ठेवायची. पुढच्या फाटलेल्या पुंगळ्यांवर खुणेपासून फाट दर वेळी त्याच जागी असेल, तर दोष रायफलीचा. रिकामी बंदूक पुन्हा पुन्हा खटकवल्याने पिनेने चेंबरच्या काठावर खाच पाडलेली असते, ते नेहमीचं कारण. फाट कुठेही येत असेल आणि नव्या पेटीतल्या काडतुसांना काहीच होत नसेल, तर दोष जुन्या पेटीचा. मात्र ही तपासणी शस्त्रकारागिराने करायची, रायफल शिकंजात बांधून आणि चाप दोरीने लांबून ओढून. खांद्याला लावून नव्हे.

जुन्या पेटीचं काय, हे कुणीतरी विचारणारच. १९५९ च्या शस्त्र कायद्यात काडतुसालाही परवाना लागतो, तेव्हा ती खाडीत फेकू नका आणि भंगारवाल्यालाही देऊ नका. पोलीस ठाण्यात रीतसर जमा करा.