चौदा आण्यांचा आंबा: अंगठ्यापासून लवचीक सेन्सरपर्यंत

१ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणी आली आणि आणा हळूहळू व्यवहारातून नाहीसा झाला. कोकणातील हापूसच्या बागेत मात्र तो आजही चालतो. फळ ‘चौदा आणे तयार’ झाले म्हणजे सोळा आण्यांपैकी चौदा आणे पक्व झाले. देठाजवळ खळगा पडतो, त्याच्या दोन्ही बाजूंचे खांदे वर येतात, सालीचा गडद हिरवा रंग फिका होतो. अशा वेळी फळ झेल्याने उतरवायचे, अढीत घालायचे आणि उरलेले दोन आणे त्याला झाडाबाहेर पुरे करू द्यायचे, ही तेथील पिढीजात रीत. हे मोजमाप कोणत्याही यंत्रावर नव्हते. ते बागायतदाराच्या डोळ्यांत आणि बोटांत होते.

या विद्येला एकच मर्यादा होती. ती फळाबरोबर प्रवास करीत नसे. दक्षिण दिल्लीतील रामकृष्ण पुरम, अर्थात आर. के. पुरम, ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत. तेथील मराठी कुटुंबाच्या दारी पेटी पोहोचते तेव्हा फळ बागेपासून हजाराहून अधिक किलोमीटर दूर आलेले असते. ग्राहकाजवळ परीक्षेचे साधन एकच, स्वतःचा अंगठा. तो दाबून मऊपणा कळतो. पण प्रत्येक दाबाने फळ थोडे दुखावते, आणि आत काय आहे ते कळत नाही ते नाहीच.

हापूसच्या बाबतीत ‘आत काय आहे’ हा प्रश्न फार जुना आहे. १९३२ आणि १९३३ साली मुंबई इलाख्याच्या कृषी खात्याने युरोपात आंबे पाठवण्याचे प्रयोग केले. त्यांचा चीमा आणि दाणी यांनी लिहिलेला अहवाल १९३४ मध्ये निघाला. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या फळाच्या गरात फिकट, भुसभुशीत, आंबट भाग आढळतो, या विकाराची नोंद त्या काळातली. बागायतदार त्याला ‘साका’ म्हणतात. सालीवर त्याची खूण उमटत नाही. सुरी चालेपर्यंत तो कळत नाही आणि सुरी चालते तेव्हा पैसे दिलेले असतात. ग्राहक विक्रेत्याला बोल लावतो, विक्रेता बागायतदाराला. आणि ज्याने चौदा आणे अचूक ओळखले, त्याच्याही शब्दाची किंमत उतरते.

जगातही त्याच सुमारास फळाच्या अंतरंगाचा शोध चालू होता. सेंट पीटर्सबर्ग येथे १९०१ मध्ये नेल्युबोव याने दाखवले, की दिव्याच्या गॅसमधील एथिलीन वाटाण्याच्या रोपांची वाढ बदलते. १९२५ मध्ये अमेरिकेत मॅग्नेस आणि टेलर यांनी फळाचा टणकपणा मोजण्याचे दाबयंत्र आणले. त्यात साल काढून धातूची दांडी गरात खुपसावी लागे. १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन याने सिद्ध केले, की पिकणारी फळे स्वतःच एथिलीन सोडतात. अढीतला एक पिकलेला आंबा शेजारच्या कैऱ्यांना का पिकवतो, याचे कारण अशा रीतीने रसायनशास्त्राच्या हाती आले. पुढे १९४१ मध्ये करमरकर आणि जोशी यांचा हापूसच्या श्वसनावरील अभ्यास प्रसिद्ध झाला. पिकताना फळाचा श्वास कसा वाढतो आणि ओसरतो, हे त्यांनी मोजून दाखवले.

साक्यापर्यंत यंत्र पोहोचायला आणखी अर्धे शतक लागले. १९९३ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने अखंड हापूसमधील साका ओळखता येतो, हे दाखवले. २००४ मध्ये बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतील रवींद्र आणि शिवशंकर यांनी या विकाराचा संबंध फळातच सुरू होणाऱ्या कोयीच्या अंकुरणाशी जोडला. ज्ञान वाढत गेले. परंतु या साऱ्या उपायांत एक गोष्ट समान राहिली. एक तर फळाला जखम करायची, नाहीतर फळ उचलून यंत्रापाशी न्यायचे.

लवचीक सेन्सरचे वेगळेपण येथे आहे. त्यात यंत्रच फळापाशी जाते. त्याची बीजे १९७७ मध्ये पडली. हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांनी प्लास्टिकमधूनही वीज वाहू शकते, हे दाखवले. २००० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. काचेसारख्या ताठ सिलिकॉनवरच इलेक्ट्रॉनिक्स उभे राहू शकते, ही समजूत ढिली झाली. २०१२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीमध्ये टिमोथी स्वेगर यांच्या गटाने कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या आणि तांब्याचे संयुग वापरून एथिलीनचा माग काढणारा सेन्सर केला.

भारतात या दिशेने लक्षणीय काम आयआयटी जोधपूर येथे झाले. प्रा. अजय अगरवाल यांच्या गटाने पॉलिडायमिथाइलसिलॉक्सेन या रबरासारख्या पदार्थाच्या थरावर सूक्ष्म सुयांसारखे उंचवटे घडवले आणि तो थर दोन विद्युतपट्ट्यांमध्ये बसवला. चिप घडवताना लागणारी खर्चिक लिथोग्राफी त्यांनी टाळली. तत्त्व सोपे आहे. दाब पडला की दोन पट्ट्यांतील अंतर घटते आणि त्यांची विद्युतधारिता बदलते. टणक फळ आणि मऊ फळ यांचा प्रतिसाद वेगळा येतो. त्यावरून पक्वतेचा अंदाज बांधता येतो. टोमॅटोच्या वेगवेगळ्या जातींवर त्याची परीक्षा झाली. अंगठ्याचेच काम ते, फक्त फळ न दुखावता आणि आकड्यांत.

भारतीय बाजारात हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण रंगाची साक्ष येथे कधीच विटली आहे. बंदी असूनही कॅल्शियम कार्बाइड वापरले गेले. त्यातून निघणाऱ्या अ‍ॅसिटिलीनने साल पिवळी होते आणि गर कच्चा राहू शकतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये १०० पीपीएमपर्यंत एथिलीन वायूने फळे पिकवण्यास मुभा दिली ती याच पार्श्वभूमीवर. पिवळ्या सालीखालचा टणकपणा मोजता आला, तर निदान ती फसवणूक उघडी पडेल.

तरीही या साधनाकडून किती अपेक्षा करावी, याचे भान हवे. दाब मोजणारा सेन्सर मऊपणा सांगेल. गरात खोल दडलेला साका तो सांगेलच असे नाही. शिवाय मोजमाप कोणाच्या हाती, हा प्रश्न तंत्राहून मोठा आहे. सेन्सर केवळ खरेदीदाराच्या गोदामात राहिला, तर तो फळ नाकारण्याचे आणखी एक निमित्त ठरेल. तोच बागेतल्या पेटीत बसला आणि त्याचा आकडा पेटीबरोबर आर. के. पुरमच्या दारापर्यंत गेला, तर बागायतदाराच्या ‘चौदा आणे’ या शब्दाला प्रथमच असा साक्षीदार मिळेल, जो वाटेत बदलत नाही.