जूल नियम : तारेतील विद्युत् शक्तीचा उष्णतारूप व्यय

संवाहक तारेतून विद्युत् प्रवाह वाहत असताना तारेच्या रोधामुळे विद्युत् ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. दर सेकंदास होणारा हा व्यय वॉट या एककात मोजतात. तो प्रवाहाचा (अँपिअर) वर्ग व तारेचा रोध (ओहम) यांच्या गुणाकाराइतका असतो. इंग्लिश भौतिकीविज्ञ जेम्स प्रेस्कॉट जूल (१८१८–८९) यांनी हा नियम प्रयोगान्ती मांडला. रशियात हाइन्रिख लेंट्स यांनीही तो स्वतंत्रपणे पडताळून पाहिला. म्हणून त्यास ‘जूल-लेंट्स नियम’ असेही म्हणतात.

जूल यांच्या घराण्याचा बिअरनिर्मितीचा व्यवसाय होता. विद्युत् चलित्र वाफेच्या एंजिनापेक्षा स्वस्त पडेल काय, या प्रश्नातून ते या संशोधनाकडे वळले. सारख्याच लांबीच्या, पण वेगवेगळ्या जाडीच्या तांब्याच्या तारा काचनळ्यांवर गुंडाळून त्यांनी त्या पाण्याच्या भांड्यांत बुडविल्या आणि एकसरीत जोडून दोन्हींतून एकच प्रवाह सोडला. पाण्याची तापमानवाढ तारांच्या रोधांच्या प्रमाणात आढळली. प्रवाह बदलता ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात बदलली. हा निष्कर्ष त्यांनी डिसेंबर १८४० मध्ये रॉयल सोसायटीस कळविला व १८४१ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केला. घटमालेत खर्च होणारे जस्त कोळशापेक्षा फार महाग पडते, हेही त्यांना दिसून आले. चलित्राविषयीची आशा अशा रीतीने मावळली. तथापि याच मार्गाने ते १८४३ मध्ये उष्णतेच्या यांत्रिक तुल्यांकापर्यंत पोहोचले.

नियमातील वर्गाचे महत्त्व विद्युत् प्रेषणात विशेष जाणवते. समजा, ५ ओहम रोधाच्या तारमार्गात १०,००० वॉट शक्ती १,००० व्होल्ट दाबाने सोडली, तर प्रवाह १० अँपिअर होतो व तारेत ५०० वॉट वाया जातात. दाब १०,००० व्होल्ट केल्यास प्रवाह १ अँपिअर व व्यय केवळ ५ वॉट होतो. दाब दहापट केल्याने व्यय शतांश झाला. दाबाच्या वर्गास रोधाने भागूनही व्यय काढता येतो. मात्र तेथे तारेच्या दोन टोकांमधील दाबफरक घ्यावा लागतो, पुरवठ्याचा संपूर्ण दाब नव्हे. येथे नेहमी गफलत होते.

मार्सेल द्प्रे यांनी १८८२ मध्ये मीसबाख ते म्यूनिक असे ५७ किमी. अंतर एकदिश प्रवाहाने शक्ती नेली, तेव्हा तिचा बराच भाग वाटेतच नष्ट झाला. उलट १८९१ मध्ये लाउफेन ते फ्रँकफुर्ट या १७५ किमी. मार्गावर रोहित्रांनी प्रत्यावर्ती प्रवाहाचा दाब सुमारे १५,००० व्होल्टपर्यंत चढविल्यामुळे सुमारे तीन चतुर्थांश शक्ती मुक्कामी पोहोचली. दूरच्या धबधब्याची शक्ती शहरास पुरविणे व्यवहार्य आहे, हे त्यामुळे सिद्ध झाले.

प्रेषणात टाळावयाची ही उष्णता शेगडी, इस्त्री व फ्यूजची तार यांत मुद्दाम निर्माण केली जाते. दोन्हींकडे गणित तेच असते.