त्रिकोणासन

उभ्याने करायच्या योगासनांपैकी एक मूलभूत आसन. पाय फाकवून, गुडघे ताठ ठेवून धड एका बाजूला झुकवणे हे त्याचे स्वरूप. यालाच ‘उत्थित त्रिकोणासन’ असेही म्हणतात. हठप्रदीपिकेतील १५ किंवा घेरंडसंहितेतील ३२ आसनांत ते नाही. त्याचा प्रसार विसाव्या शतकातला आहे. १९३७ मध्ये पुण्यात आलेले योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांच्या ‘लाइट ऑन योगा’ (१९६६) या ग्रंथामुळे त्याची काटेकोर पद्धत जगभर पोहोचली.

आसन अनवाणी करावे. गुळगुळीत फरशीवर सतरंजी सरकते, त्यामुळे मोकळी जमीन किंवा न घसरणारी मॅट बरी. ताडासनातून पायांत तीन-साडेतीन फूट अंतर घ्यावे. उजवे पाऊल ९० अंशांत बाहेर वळवावे, डावे किंचित आत. नुसते पाऊल वळले आणि मांडी मागे राहिली, तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. म्हणून मांडी खुब्यापासूनच वळवावी आणि गुडघ्याची वाटी पावलाच्या मधल्या बोटांच्या दिशेला आणावी. हात खांद्यांच्या रेषेत पसरावेत व श्वास सोडत धड उजवीकडे लांबवत न्यावे. वाकायचे ते खुब्याच्या सांध्यातून. उजवा हात नडगीवर किंवा घोट्याजवळ टेकवावा, गुडघ्यावर मात्र भार देऊ नये. डावा हात सरळ वर न्यावा. डाव्या टाचेची बाहेरची कड जमिनीवर घट्ट दाबलेली असावी, कारण तोल तिच्यावरच सांभाळला जातो. श्वास न कोंडता सुमारे अर्धा मिनिट थांबावे आणि दुसऱ्या बाजूने तितकाच वेळ करावे.

हात जमिनीला टेकलाच पाहिजे, हा हट्ट या आसनातील सर्वांत मोठा दोष होय. त्यापायी उजवी कूस आखडते, छाती जमिनीकडे वळते आणि नितंब मागे जातात. समोरून पाहणाऱ्याला आसन जमल्यासारखे वाटते, बाजूने पाहिले की बिघाड दिसतो. पावलाशेजारी लाकडी वीट उभी ठेवून तिच्यावर हात टेकवला, की दोन्ही कुशी सारख्या लांब राहतात. पाठ भिंतीला लावून सराव केल्यास चूक ताबडतोब कळते. ज्यांचे सांधे फार लवचीक असतात, त्यांचा गुडघा मागे ढकलला जातो. त्यांनी तो किंचित सैल ठेवून मांडीचे स्नायू वर खेचून धरावेत.

मानेचा त्रास असल्यास वर न पाहता समोर पाहावे. उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी नजर समोर किंवा खाली ठेवावी आणि वरचा हात कमरेवर घ्यावा. चक्कर येत असेल किंवा तोल जात असेल, तर भिंतीचा आधार घ्यावा. गरोदरपणात, तसेच सायटिका किंवा खुब्याची वा गुडघ्याची दुखापत असताना डॉक्टरांचा सल्ला आणि जाणकार शिक्षकाची देखरेख आवश्यक आहे. मांडीच्या मागे स्नायूंना ताण जाणवणे स्वाभाविक आहे. सांध्यात कळ आली किंवा पायाला मुंग्या आल्या, तर पुढचा गुडघा वाकवून, मागची टाच दाबत, श्वास घेत सावकाश वर यावे.